सीमेवरच्या गावांना कायमचं मागं हलवावं का?

रंकाळावासी
माझं मत आधीच सांगतो. जम्मू-काश्मीरच्या सीमेवरच्या ज्या कुटुंबांना मागं यायचंय, त्यांना सरकारनं सुरक्षित जागी घर आणि जमीन द्यावी. मे २०२५ मध्ये पूंछवर तोफगोळे पडले, १० मेला शस्त्रसंधी झाली आणि आपल्याकडची चर्चाही तिथंच संपली. त्यांचं रोजचं काय? गोळीबार सुरू झाला की बायका-पोरं पाहुण्यांकडं, नाहीतर शाळेतल्या छावणीत. मग त्या शाळेचे वर्ग बंद. घरातला एक जण गोठ्यापायी मागंच राहतो. काही गावं तर तारेचं कुंपण आणि नियंत्रण रेषा यांच्या मध्ये आहेत. स्वतःच्या घरी जायला फाटकावर ओळखपत्र दाखवायचं, तेही ठरल्या वेळेत. २००३ ला शस्त्रसंधी, २०२१ ला पुन्हा तीच. या भरवशावर घर बांधायचं?

माजी सैनिक, गडहिंग्लज
त्या भागात नोकरी केलीय म्हणून बोलतो. गाव उठलं की पुढं नुसत्या चौक्या उरतात. रानात परका माणूस दिसला तर गुराख्याला सगळ्यात आधी कळतं. केंद्रानं जम्मू विभागासाठी १४,४६० बंकर मंजूर केले होते, तो मार्ग बरोबर आहे. घरटी बंकर द्या, गाव हलवू नका.

रंकाळावासी
मेजर, तुमच्या नोकरीचा मान आहेच. पण जवानाची बदली होते, त्याला पगार आणि पेन्शन मिळते. सातवीतल्या पोरीनं कशाच्या बदल्यात पहारा द्यायचा?

गांधीनगरकर
आमचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून आले ते वळिवड्याच्या छावणीत. त्याच बराकीत १९४३ ते १९४८ पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहून गेले होते. आज तिथं कापडाची घाऊक बाजारपेठ आहे. शेजारी कोल्हापूर होतं म्हणून धंदा उभा राहिला. माळावर नेऊन टाकलं असतं तर? जम्मूच्या सीमेवरच्या छांबची माणसं १९६५ च्या युद्धात उठली, १९७१ ला पुन्हा उठली, आणि १९७२ च्या सिमला करारानंतर छांब पाकिस्तानकडंच राहिलं. पाकव्याप्त काश्मीर आणि छांबच्या ३६,३८४ कुटुंबांना साडेपाच लाख रुपये द्यायचं ठरलं कधी? २०१६ मध्ये! मागं या म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

वारणाकाठ
दादा, अगदी बरोबर. आमच्या आजीचं गाव वारणेच्या धरणात गेलं. वसाहतीत प्लॉट मिळाला, पण सातबाऱ्यासाठी वडिलांची उमर कचेरीच्या पायऱ्यांवर गेली. शेजारच्या गावानं स्मशानासाठीसुद्धा वाद घातला. पुनर्वसन हा शब्द बाहेरून फार सोपा वाटतो. जम्मूच्या सीमेवरची माणसं कित्येक वर्षं सुरक्षित जागी पाच-पाच मरले मागताहेत. पाच मरले म्हणजे आपला सव्वा गुंठा. त्यात खोली होईल, गोठा कुठं बांधायचा? माझा विरोध हलवण्याला नाही, सव्वा गुंठ्यावर बोळवण करण्याला आहे.

रंकाळावासी
मान्य. म्हणून प्लॉट जादा द्या आणि मूळ शेत त्यांच्याच नावावर राहू द्या. जम्मूच्या सपाटीवरच्या आर. एस. पुऱ्याचा बासमती पिकवणाऱ्याला रान सोड असं मी म्हणतच नाही. दिवसा तिथं कसावं, रात्री पोराबाळांसकट मागं झोपावं.

माजी सैनिक, गडहिंग्लज
हे सपाटीवर जमेल. पूंछच्या डोंगरात एकेक घर वेगळ्या उतारावर, रस्ता एकच आणि तोही माऱ्याखाली. तिथं रोजची ये-जा करायला लावणं बंकरपेक्षा धोक्याचं आहे. त्या गावांचं काय करणार, ते सांगा.