विटेनबर्ग: प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचं श्रेय ल्यूथरचं की विद्यापीठाचं?

वाटसरू:
३१ ऑक्टोबर १५१७, जर्मनीतलं विटेनबर्ग, चर्चचं दार, हातोडा, आणि पैसे घेऊन पापक्षमा विकण्याविरुद्ध मार्टिन ल्यूथर या धर्मगुरूची ९५ कलमं. हे चित्र डोक्यात इतकं पक्कं बसलंय की मागचं गाव दिसतच नाही. विटेनबर्गचं विद्यापीठ १५०२चं, म्हणजे तेव्हा १५ वर्षांचं पोर. ल्यूथर तिथे बायबल शिकवायचा. कलमं लॅटिनमध्ये, पंडितांच्या वादसभेसाठी. बंड कसलं, कॉलेजची नोटीसच ती! उलट कलोनच्या जुन्या, मुरलेल्या विद्यापीठाने १५१९मध्ये ल्यूथरच्या लिखाणाचा निषेध केला. नव्या विद्यापीठात हे खपलं. ल्यूथर निमित्तमात्र.

शाईचा डाग:
निमित्तमात्र? १५२१ला वर्म्स शहरातल्या साम्राज्यसभेत सम्राटासमोर माघार घेणार नाही म्हणाला, तो एकटा माणूस होता. विद्यापीठ नव्हे.

वाटसरू:
एकटा कुठे? तिथे त्याची बाजू सांभाळणारा शुर्फ विटेनबर्गचाच कायद्याचा प्राध्यापक. आणि ग्रीक शिकवणारा मेलांख्थॉन १५१८मध्ये आला तेव्हा २१ वर्षांचा होता. तो नसता तर नव्या पंथाची मांडणी कुणी केली असती?

शाईचा डाग:
शुर्फचं मान्य. पण नकार द्यायचा तो ल्यूथरलाच द्यावा लागला ना? पाखंडी म्हणून वकील काही जाळला जाणार नव्हता.

उंबरठा:
दोघंही तिथल्या राज्यकर्त्याला विसरताय. विद्यापीठ काढलं सॅक्सनीच्या फ्रेडरिकने, वर्म्सनंतर ल्यूथरला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवलं त्यानेच. गंमत म्हणजे ज्याचं ते दार, त्या त्याच्याच कॅसल चर्चमध्ये संतांच्या हजारो अवशेषांचा संग्रह होता. दर्शन घ्या, पापक्षमा मिळवा! ज्या धंद्यावर ९५ कलमं तुटून पडली, तोच.

शाईचा डाग:
आणि छापखाने? वार्टबुर्गमध्ये ल्यूथरने केलेला बायबलच्या नव्या कराराचा जर्मन अनुवाद सप्टेंबर १५२२मध्ये विटेनबर्गलाच छापला. चित्रं क्रानाखच्या कारखान्यातली. हा गडी चित्रकार, शिवाय औषधांचं दुकान चालवायचा.

कडूनिंब:
कौतुक पुरे. १५२५मध्ये शेतकरी उठले तेव्हा याच ल्यूथरने त्यांना ठेचून काढा असं लिहिलं. १५४३मध्ये ज्यूंविरुद्ध विषारी पुस्तक. विटेनबर्गच्या गावचर्चच्या भिंतीवर ज्यूंची विटंबना करणारं मध्ययुगीन शिल्प आजही आहे. २०२२मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते काढायला लावलं नाही. श्रेय वाटताय तर हेही वाटून घ्या.

वाटसरू:
शिल्प ल्यूथरच्या जन्माआधीचं आहे. पण १५४३च्या पुस्तकाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तेव्हाही तो विटेनबर्गचा प्राध्यापकच होता.

उंबरठा:
जाता जाता: ते दार १७६०मध्ये जळालं. आताचं ब्राँझचं, १८५८चं. कलमं खरंच ठोकली का, यावर इतिहासकार अजून भांडतायत.