कोरोची सही: दिलदारपणा की बेफिकिरी?

उंबर:
फ्रेंच निसर्गचित्रकार कामीय कोरो (१७९६-१८७५), ह्याच्याबद्दल जिथे बघावं तिथे एकच सूर, काय दिलदार माणूस होता! ओळखीतला कुणी चित्रकार अडचणीत असला की त्याच्या कॅनव्हासवर हा स्वतः थोडा हात फिरवायचा आणि खाली खुशाल 'कोरो' सही ठोकून द्यायचा, म्हणजे बिचाऱ्याचं चित्र विकलं जाईल. शिष्यांना आपली चित्रं नकलेसाठी नेऊ द्यायचा ते वेगळंच. आता मला सांगा, जो गिऱ्हाईक पूर्ण पैसे मोजून ते घेतोय त्याचं काय? त्याला कोण दिलदारपणा दाखवणार? पुढे बनावट कोरोंचा असा सुळसुळाट झाला की जूसोम नावाच्या एकाच संग्राहकाकडे २००० च्या वर निघाले आणि सगळे खोटे. माझं म्हणणं, ह्या बाजाराला दार उघडून दिलं ते खुद्द कोरोनेच.

बिनसाखरेचा:
अहो उंबरसाहेब, खापर चुकीच्या डोक्यावर फोडताय. १८८३ चं प्रकरण घ्या. अलेक्झांडर द्युमा (धाकटा, नाटककार) ह्याने 'कोरो' म्हणून एक चित्र घेतलं, ते निघालं त्रूयबेर नावाच्या दुसऱ्याच चित्रकाराचं. आणि गंमत बघा, त्रूयबेरने स्वतःच्या नावाने सही केलेली होती, मधल्या कुणीतरी ती झाकून वर कोरोची केली. कोरो तर तेव्हा वारून ८ वर्षं झालेली. ह्यात त्याचा काय संबंध? खोट्याचा धंदा करणाऱ्याला कुणी दार उघडून द्यावं लागत नाही.

आणि दानत म्हणाल तर ती फक्त सहीपुरती नव्हती हो. चित्रकार मिये गेल्यावर त्याच्या बायकोला १०,००० फ्रँक दिले, दोमिए ह्या चित्रकाराची नजर गेली तेव्हा त्याच्या घराची सोय केली. हे सगळं स्वतःच्या खिशातून.

जुनी पेटी:
दोघांचंही ऐकलं, पण मुद्दा सहीचा नाहीच असं मला वाटतं. नक्कल कशाची सोपी असते? जे स्वतःच एका साच्यातून निघतं त्याची. उतारवयातला कोरो म्हणजे धुकं, तळं, पिसासारखी झाडं, सगळीकडे चंदेरी करडा रंग, आणि मधेच कुणाच्या तरी टोपीला लालचा एक टिपका. झालं, तयार! ही चित्रं खपत होती म्हणून तो काढत गेला, लोक खोटी करत गेले.

त्याउलट त्याचं १८२६ चं इटलीतल्या 'नार्नीचा पूल' हे चित्र बघा. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे, कागदावर तेलरंगात, जेमतेम दीड फूट रुंद. रोमन काळातला मोडका पूल, खाली नदीचं पाणी, पुढे नुसती उन्हात भाजलेली माती आणि ती माती त्याने इतक्या बिनधास्त फटकाऱ्यांनी मारलीय की तारीख झाकली तर कुणीही ५० वर्षं पुढचं समजेल. मग त्याच जागेचं मोठं चित्र १८२७ च्या सलोंसाठी, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनासाठी केलं, त्यात मेंढ्या आल्या, छत्रीसारखी पाइनची झाडं आली, सगळं कसं नीटनेटकं, आणि जीव गेला. म्हणजे लोकांना काय आवडेल ते बघून काढायची सवय तेव्हापासूनचीच.

बिनसाखरेचा:
हे मात्र अजिबात पटलं नाही ताई. लोकांना आवडेल तेच करायचं असतं तर आईबापांचं कपड्या-टोप्यांचं दुकान काय वाईट होतं? २६ वर्षांचा होईपर्यंत कापडवाल्यांकडे राबला, मग वारलेल्या बहिणीच्या नावाची वर्षाची १५०० फ्रँकची रक्कम घरच्यांनी ह्याला लावून दिली तेव्हा कुठे ब्रश हातात आला. आणि 'मोर्तफोंतेनची आठवण' (१८६४) हे चित्र साच्यातलं? नावातच आठवण आहे, जागेवर बसून काढलंय असा दावाच नाही. उजवीकडचं ते प्रचंड झाड अर्ध्या चित्रावर वाकून आलंय आणि डावीकडे किडमिड्या झाडाकडे हात वर केलेली बाई, दोन पोरं, बस. साचा असता तर पिसारोसारख्या चित्रकाराने स्वतःला कोरोचा शिष्य म्हणवून घेतलं नसतं, आणि चित्रकार बेर्थ मोरिझो त्याच्याकडे शिकायला गेली नसती.

तळमजला:
चोरांना विचारा, त्यांना अस्सल कळतं 😄 १९९८ साली भर दिवसा लूव्हरमधून कोरोचा 'सेव्हरचा रस्ता' फ्रेममधून कापून नेला, अजून पत्ता नाही.

उंबर:
तळमजला 😂

बिनसाखरेचा, दोमिए आणि मियेच्या बायकोबद्दल काहीच वाद नाही, तिथे पैसे त्याचे स्वतःचे होते. सहीच्या बाबतीत मात्र दान कोरोचं आणि बिल तिसऱ्याच्या नावावर, एवढंच म्हणतोय. द्युमाचं उदाहरण त्या चित्रापुरतं बरोबर आहे. पण ज्यावर सही खरीच कोरोची आहे आणि खालचं काम भलत्याचं, ते तज्ज्ञाने कुठल्या खात्यात टाकायचं? रोबो नावाच्या अभ्यासकाने जन्मभर खपून कोरोच्या चित्रांची यादी केली, १९०५ मध्ये छापून आली, अडीच हजारांच्या घरात नोंदी, तरी भांडणं संपली नाहीत.

जुनी पेटी:
अशांना मी 'अर्धा कोरो' म्हणेन आणि किंमतही अर्धीच देईन. नार्नीचा कागद मात्र कुणी अर्धा करून दाखवावा.