विषय: चौथीच्या वर्गांतील मोटर – तारेचे टोक कोणी खरवडायचे?

प्रेषक: विज्ञान उपक्रम समन्वयक
प्रति: अमेरिकेतील आपल्या मराठी संस्थेचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

मुलांनी छोटी विजेची मोटर बनवण्याच्या आपल्या उपक्रमासाठी इथल्या सार्वजनिक शाळेने अभियंता सप्ताहातील गुरुवार नक्की केला असून चौथीच्या चारही वर्गांना प्रत्येकी ४० मिनिटे मिळाली आहेत. साहित्य गेल्या वेळचेच राहील: प्रत्येकाला एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, जाड रबरबँड, फेराइटचे चपटे चुंबक आणि इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणारा, लेप असलेली तांब्याची तार. शनिवारी पाकिटे भरायची आहेत आणि त्याआधी एका गोष्टीचा निर्णय हवा आहे.

साहित्य गटाने असे सुचवले आहे की तारेची वेटोळी आपण घरीच गुंडाळावीत आणि त्यांची दोन्ही टोकेही घरीच खरवडून द्यावीत, म्हणजे मुलांनी वेटोळे पिनांच्या भोकांत बसवले की मोटर लगेच फिरेल. वेटोळी घरी गुंडाळण्यास माझी हरकत नाही. टोके मात्र मुलांनीच खरवडावीत असे माझे ठाम मत आहे, कारण त्या एका कृतीत मोटरचे सगळे विज्ञान आहे. ती काढून घेतली तर मुलांच्या हाती केवळ जोडणी उरते. कृपया बुधवार रात्रीपर्यंत मत कळवावे.

– समन्वयक

*

प्रेषक: साहित्य गट प्रमुख

नमस्कार.

ही पाकिटे आमचा गट अनेक वर्षे भरत आला आहे आणि वर्गात काय घडते हे आम्ही जवळून पाहिले आहे. मागच्या वेळी टोके मुलांकडे सोपवली होती. काहींनी दोन्ही टोके पूर्ण खरवडली, काहींनी लेप जेमतेम निघेल इतकेच घासले, आणि तास संपायची घंटा झाली तेव्हा वर्गातल्या बऱ्याच मोटरी स्थिर होत्या. शेजारच्याची मोटर फिरते आणि आपली फिरत नाही, हे नऊ वर्षांच्या मुलाला किती लागते ते त्याच्या चेहऱ्यावर दिसते. त्या मुलाने विज्ञान आपल्यासाठी नाही असे मनाशी ठरवले, तर आपण तिथे जाऊन काय साधले?

शिवाय एका वर्गात २५ मुले आणि आपण स्वयंसेवक चार. पॉलिश पेपर कसा धरायचा हे प्रत्येकाला हात धरून दाखवायचे म्हटले तरी निम्मा वेळ जातो. पाकिटात काय आणि कसे भरायचे हा निर्णय आजवर आमच्या गटाकडे राहिला आहे आणि तो तसाच राहावा अशी विनंती आहे.

– साहित्य गट

*

प्रेषक: ज्येष्ठ सभासद (निवृत्त अभियंता)

ताई, तुमचे म्हणणे मी मनापासून वाचले. मुलाची निराशा मलाही पाहवत नाही. परंतु मोटर का फिरली नाही हे आपण पाहिले नाही, तर तीच निराशा पुढच्या वर्षीही होईल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वेटोळ्यातून वीज वाहू लागली की ते स्वतःच एक चुंबक बनते आणि खालच्या चुंबकाशी जुळवून घेण्यासाठी वळते. ते आडवे झाले की जुळणी पूर्ण होते. गतीच्या भरात ते त्या जागेच्या पुढे गेले, तरी तीच वीज त्याला मागे खेचते. म्हणून दोन्ही टोके पूर्ण उघडी असली की वेटोळे मागेपुढे झुलते आणि थांबते. एका टोकाचा लेप केवळ निम्म्या बाजूने काढला, तर अर्ध्या फेऱ्यात वीज मिळते, उरलेल्या अर्ध्यात ती बंद राहते, आणि तेवढा अर्धा फेरा वेटोळे आपल्याच वेगाने पूर्ण करते. मोठ्या मोटरीत विजेची दिशा फिरवण्याचे जे काम कम्युटेटर करतो, त्याच्या निम्मे काम इथे हा अर्धा लेप करतो.

आता खरी मेख. मुले वेटोळे टेबलावर आडवे ठेवतात आणि टोकाची वरची बाजू घासतात, कारण टेबलावर ठेवण्याची ती सर्वांत सोपी रीत आहे. तसे केल्यास वीज चुकीच्या अर्ध्या फेऱ्यात मिळते; आडव्या स्थितीच्या अलीकडे जो रेटा मिळतो, तोच पलीकडे काढून घेतला जातो आणि मोटर जागची हलत नाही. वेटोळे टेबलाच्या कडेला उभे धरायचे, टोक तेवढे टेबलावर टेकवायचे आणि मग वरची बाजू घासायची. मागच्या वर्षीच्या स्थिर मोटरी पाहिल्या असत्या, तर त्यांपैकी कितीतरींचा दोष इथेच सापडला असता असे मला वाटते.

माझी उमेदवारी भोसरीतील मोटर रिवाइंडिंगच्या एका लहान वर्कशॉपमध्ये झाली. जळालेल्या पंपाची गुंडाळी सोडवून पुन्हा भरताना टोकाचा लेप नीट निघाला नाही की सांधा धरत नसे. तिथले मिस्त्री आम्हाला कधीही तयार टोक देत नसत. घासा, मीटर लावा, पुन्हा घासा, एवढेच सांगत. त्यामुळे रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, काय असतो हे मला पुस्तकाआधी बोटांना कळले.

शाळांपुरते बोलायचे तर १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांतून जो विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्याचा पायाच असा होता की खेड्यातील मुलाने प्रयोग स्वतः करावा आणि निष्कर्षही स्वतः काढावा. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये पुण्यातील टेल्को (आताची टाटा मोटर्स) कंपनीतून रजा घेऊन तिथे गेले, आणि पुढे पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांच्या हाती दिली. टोक खरवडून तयार ठेवले तर आपण त्या परंपरेपासून दूर जातो, आणि केवळ वेळ वाचावा म्हणून दूर जाणे मला पटत नाही.

– आपला, काका

*

प्रेषक: सभासद (बालरोगतज्ज्ञ)

काकांच्या मेलमध्ये चुंबकाचा उल्लेख आला म्हणून तेवढ्याचपुरते लिहिते. खरेदीच्या वेळी कोणीतरी निओडिमियमची लहान, जास्त ताकदीची चुंबके सुचवली होती. ती कोणत्याही परिस्थितीत वर्गात नेऊ नयेत. मुलाने अशी दोन चुंबके गिळली, तर ती आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत दाबली जाते आणि आतड्याला छिद्र पडू शकते. सुरुवातीला मुलाला फक्त पोटदुखी किंवा उलटी होते, म्हणून निदानाला उशीर होतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२२ मध्ये सुट्या, ताकदवान चुंबकांसाठी बंधनकारक नियम केला तो याच कारणाने. फेराइटचे रुपयापेक्षा मोठे, चपटे चुंबक या मोटरीला पुरेसे आहे. तास संपल्यावर चुंबके मोजून परत घ्यावीत, ती घरी पाठवू नयेत.

पॉलिश पेपरने घासण्यात काही गैर नाही. चाकू किंवा ब्लेड मात्र कोणाच्याही हातात असू नये, स्वयंसेवकाच्याही नाही. लेपाची धूळ हाताला लागते, त्यामुळे तासानंतर मुलांनी हात धुवावेत.

*

प्रेषक: खजिनदार

डॉक्टरताईंच्या सूचनेप्रमाणे फेराइटचीच चुंबके मागवली असून ती पोचली आहेत. शाळेला आपल्या विमा कंपनीचे प्रमाणपत्र हवे आहे आणि त्यात शाळेच्या मंडळाचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालावे लागेल. तो अर्ज मी आज पाठवतो. साहित्याची यादी त्याला जोडायची असल्याने यापुढे यादीत नव्या वस्तूची भर घालू नये.

सेल मात्र रिचार्जेबल घ्यावेत अशी जी सूचना तोंडी आली होती, ती खर्चाच्या दृष्टीने योग्य आहे का, हे काकांनी सांगावे.

*

प्रेषक: ज्येष्ठ सभासद (निवृत्त अभियंता)

खजिनदारसाहेब, रिचार्जेबल सेल नकोत. या वेटोळ्याचा रोध एका ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो, म्हणजे जोडणी जवळजवळ शॉर्ट सर्किटच असते आणि प्रवाहाला आवर घालतो तो मुख्यतः सेलचा स्वतःचा अंतर्गत रोध. अल्कलाइन सेलमध्ये तो त्यातल्या त्यात जास्त असतो, तरीही काही अँपिअर प्रवाह वाहतो आणि वेटोळे फिरायचे थांबून टोक टेकलेले राहिले तर तार आणि पिना हाताला चांगल्याच गरम लागतात. निकेल मेटल हायड्राइडच्या रिचार्जेबल सेलमध्ये अंतर्गत रोध बराच कमी असतो, त्यामुळे तो सेल याहून अधिक तापेल. साधे १.५ व्होल्टचे सेल घ्यावेत, आणि मोटर फिरत नसेल तर वेटोळे लगेच उचलून घ्यायचे हे मुलांना पहिल्याच वाक्यात सांगावे.

*

प्रेषक: मराठी शाळा, शिक्षिका

सर्वांना नमस्कार.

एवढी तयारी होतेच आहे, तर हीच पाकिटे आपल्या रविवारच्या मराठी शाळेतही यावीत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सार्वजनिक शाळेत आपण जातो याचा मला अभिमान आहे. परंतु आपल्या वर्गातील मुलांना मराठीतून फक्त कविता आणि सणांची माहिती मिळते, आणि त्यामुळे मराठीत विचारही करता येतो हे त्यांना जाणवत नाही. "तुझी मोटर का थांबली असेल?" हा प्रश्न मी मराठीतून विचारला आणि मुलाने अडखळत का होईना मराठीतूनच कारण सांगितले, तर तो माझ्या दृष्टीने वर्षातील सर्वांत चांगला तास असेल.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो आणि दुसऱ्याच दिवशी, २८ ला, रामन परिणामाच्या १९२८ मधील शोधाच्या स्मरणार्थ भारतात राष्ट्रीय विज्ञान दिन. हे दोन दिवस आपण कधीच एकत्र साजरे केले नाहीत. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना सांगत की पोस्टकार्डावर एखादा वैज्ञानिक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. त्या धर्तीवर प्रत्येक मुलाने मोटर बनवून झाल्यावर मराठीत एक प्रश्न लिहावा आणि काकांसारख्या जाणत्यांनी त्याला उत्तर द्यावे.

*

प्रेषक: सांस्कृतिक समिती

बाई, कल्पना चांगली आहे, परंतु गौरव दिनाच्या रविवारी सभागृह आमच्या समितीच्या नावाने घेतलेले आहे आणि कार्यक्रमपत्रिका पूर्ण भरली आहे. काव्यवाचनात भाग घेणाऱ्या मुलांची तालीम सुरू झाली असून त्यांचा वेळ कमी करता येणार नाही. मोटरीचा तास त्याच दिवशी घ्यायचा असल्यास सकाळच्या वर्गखोल्यांमध्ये घ्यावा. मंच आणि ध्वनियंत्रणा उपलब्ध होणार नाही.

*

प्रेषक: सभासद (शाळेतील साहाय्यक शिक्षिका)

मी याच शाळेत काम करते, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळते.

आमच्याकडे अमेरिकेतील २०१३ च्या 'नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स' या विज्ञान मानकांवर आधारित अभ्यासक्रम आहे. चौथीसाठी त्यात एक अपेक्षा अशी आहे की मुलांनी ऊर्जेचे एका रूपातून दुसऱ्या रूपात रूपांतर करणारे उपकरण आखावे, तपासावे आणि त्यात सुधारणा करावी. पहिल्या प्रयत्नात फिरलेल्या मोटरीत तपासण्यासारखे आणि सुधारण्यासारखे काहीच उरत नाही, त्यामुळे वर्गशिक्षिकांच्या दृष्टीनेही तयार टोकांचे पाकीट कमी उपयोगाचे ठरेल. मात्र साहित्य गटाच्या ताईंचे निरीक्षण खरे आहे. मागच्या वेळी मी त्या वर्गात होते. एक मुलगी शेवटपर्यंत मान वर करत नव्हती. तिला बिघाड शोधायला वेळच मिळाला नाही, आणि माझ्या मते दुःख न फिरलेल्या मोटरीचे नव्हते, त्या न मिळालेल्या वेळेचे होते.

माझी सूचना अशी आहे. वेटोळी घरी गुंडाळावीत. एक टोक सगळ्या बाजूंनी पूर्ण खरवडून द्यावे. दुसऱ्या टोकाला हात लावू नये, फक्त वेटोळे उभे धरून त्या टोकाच्या वरच्या बाजूवर मार्करने काळी रेघ ओढावी. मुलाने रेघ पुसली जाईपर्यंत घासायचे आणि थांबायचे. आडवे की उभे हा गोंधळ त्यामुळे टळतो आणि घासणे दोन-तीन मिनिटांत होते. शिवाय प्रत्येक टेबलावर दोन्ही टोके पूर्ण उघडी असलेले एक वेटोळे मुद्दाम ठेवावे. ज्यांची मोटर आधी फिरेल त्यांनी ते बसवून पाहावे आणि ते का झुलते याचे कारण शोधावे. पिना सैल असतील किंवा टोक हेलकावत असेल, तर पूर्ण उघडे वेटोळेही कधीकधी फिरते, कारण उड्या मारताना त्याचा संपर्क आपोआप तुटतो. असे झाले तर स्वयंसेवकांनी घाईघाईने स्पष्टीकरण देऊ नये. मुलांना दहा गिरक्या बघू द्याव्यात आणि टोक पिनेला केव्हा टेकते ते विचारावे.

*

प्रेषक: साहित्य गट प्रमुख

रेघेची सूचना आम्हाला मान्य आहे. आमच्या दोन अटी आहेत. प्रत्येक वेटोळे पाकिटात जाण्यापूर्वी त्याच जाडीच्या तारेचे एक नमुना वेटोळे सेलवर फिरवून पाहिले जाईल, कारण तार बारीक निघाली तर टोके वाकतात आणि वेटोळे पिनेत तिरके बसते. दुसरी अट अशी की घंटेच्या दहा मिनिटे आधी ज्यांची मोटर फिरलेली नसेल, त्यांच्याजवळ एक मोठा माणूस जाऊन बसेल आणि उठणार नाही. त्या मुलीबद्दल वाचल्यावर ही दुसरी अट मी सोडणार नाही.

*

प्रेषक: विज्ञान उपक्रम समन्वयक

दोन्ही अटी मान्य. त्यासाठी चार स्वयंसेवक पुरणार नाहीत, प्रत्येक वर्गाला सहा लागतील, म्हणजे आणखी आठ जण हवेत. ज्यांची शाळेच्या नियमाप्रमाणे पार्श्वभूमी तपासणी झालेली नाही त्यांनी उद्याच अर्ज करावा, कारण मंजुरीला वेळ लागतो. काका, शनिवारी पाकिटे भरण्याआधी स्वयंसेवकांना वेटोळे उभे धरून घासण्याची रीत आपण दाखवावी. मराठी शाळेसाठी ३० पाकिटे जास्त भरू. तार पुरेशी आहे, मोठे सेल मात्र खजिनदारांनी वाढवून मागवावेत आणि ती वाढ विम्याच्या अर्जातील यादीत आजच करावी. पॉलिश पेपर २२० नंबरचा आणावा, त्याहून खरखरीत आणल्यास तांबेही निघते.

*

प्रेषक: खजिनदार

सेलची संख्या वाढवली. अर्ज अजून पाठवलेला नव्हता, आता पाठवत आहे.