राणीबागेत बर्फ शोधणारी मुलं

'एका दिवसाच्या सहलीत मुलं पेंग्विन बघतात, डबा खातात आणि घरी येतात, शिकत काहीच नाहीत', हे काही पटलं नाही. माझा भाचा सहावीत असताना मी त्यांच्या वर्गासोबत भायखळ्याला राणीबागेत गेले होते. हम्बोल्ट पेंग्विनच्या काचेसमोर अख्खा वर्ग बर्फ शोधत होता! हे पक्षी पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नव्हेत. बाईंनी तेवढंच सांगितलं आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. चोचीच्या मुळाशी गुलाबी कातडी उघडी का, हे एका मुलीनेच विचारलं. अंगातली उष्णता बाहेर टाकायला, हे कळल्यावर सगळे काचेला नाक लावून उभे.

घाई होते हे मात्र खरं. 'चला, चला' करत झाडं राहूनच जातात. बाग १८६१-६२ च्या सुमाराची, काही झाडंही तितकीच जुनी. बुंध्याला कवेत घ्यायला चार-पाच पोरं लागतील अशी गोरखचिंच कुठल्याच वहीत नव्हती. घारापुरीचा दगडी हत्तीही आवारातच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ. तोही दाखवा.

आणि हो, राणीबाग बुधवारी बंद असते. बस ठरवण्याआधी वार बघा.