बटलरची आठवण हेवर्डच्या फेकीपाशी थांबू नये

बटलर विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा विषय निघाला की सगळे अमेरिकन कॉलेज स्पर्धेच्या 2010 च्या अंतिम सामन्यावर येतात, इथल्या चर्चेतही तेच झालं. ड्यूककडून 61-59 अशी हार, आणि शेवटच्या क्षणी अर्ध्या मैदानावरून बटलरच्या गॉर्डन हेवर्डने टाकलेला तो चेंडू रिंगला लागून बाहेर गेला. सामनाही इंडियानापोलिसमध्येच, म्हणजे घरच्या गावात. ती हळहळ मलाही आहे.

पण माझ्या मते खरी कमाल 2011 ची. हेवर्ड एनबीएत (अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये) गेलेला, बटलरचं मानांकन (स्पर्धेआधी गटात दिलेला क्रम) थेट आठवं. दुसऱ्या फेरीत पहिल्या मानांकनाचा पिट्सबर्ग समोर. 2.2 सेकंद उरले असताना बटलरच्या अँड्र्यू स्मिथने बास्केट करून 70-69 आघाडी मिळवली. (हा गुणी पोरगा 2016 मध्ये, अवघ्या पंचविशीत, कर्करोगाने गेला. त्याचं नाव इथे कुणीतरी घ्यायलाच हवं होतं.) लगेच बटलरच्याच शेल्विन मॅककडून पिट्सबर्गच्या गिल्बर्ट ब्राऊनवर फाउल. तोच मॅक, ज्याने त्या रात्री 30 गुण केले होते! ब्राऊनची पहिली फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी एका गुणाची मोकळी फेक) आत, दुसरी बाहेर, रिबाउंड (परत आलेला चेंडू) बटलरच्या मॅट हॉवर्डच्या हातात आणि त्याच्यावर पिट्सबर्गचा फाउल. 0.8 सेकंद शिल्लक. त्याने एक फ्री थ्रो घातली. 71-70.

पुढे विस्कॉन्सिनला हरवलं, मग ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) फ्लोरिडाला, मग व्हीसीयूला (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाला). अंतिम सामन्यात यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठाने) बटलरला 53-41 हरवलं, बटलरच्या जेमतेम 19 टक्के फेकी आत गेल्या. त्या एका वाईट रात्रीमुळे या संघाला दुय्यम ठरवणं मला अजिबात पटत नाही. इतक्या लहान कॉलेजने सलग दोन वर्षं अंतिम फेरी गाठली, तीही ब्रॅड स्टीव्हन्ससारख्या तिशीतल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली!