मदत हवी आहे : गिल्बर्ट हिलचे खांब, षटकोन आणि ऑयलरचे सूत्र

नमस्कार.

अंधेरी पश्चिमेच्या सदस्यांना गिल्बर्ट हिल परिचित असेलच. उभ्या खांबांची मोळी बांधून ठेवावी तसा दिसणारा, सुमारे 200 फूट उंचीचा हा काळा कातळ दख्खनच्या लाव्ह्यातून साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास घडला. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे, पायथ्याला चहूबाजूंनी वस्ती आहे आणि 2007 साली महापालिकेने त्याला द्वितीय श्रेणीचा वारसा दर्जा दिला आहे. मी गणिताच्या शिकवण्या घेते. माझ्याकडे येणाऱ्या नववीच्या काही मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी याच टेकडीवर प्रकल्प करायचा असून 'असे खांब बहुधा षटकोनीच का होतात?' हा प्रश्न त्यांचा त्यांनीच निवडला आहे.

मुलांनी तक्त्यावर पहिले वाक्य लिहिले, ते 'निसर्गाला षटकोन प्रिय आहे' असे. ते मी खोडायला लावले, कारण त्यात आवड सांगितली आहे, कारण सांगितलेले नाही. मात्र त्या जागी काय लिहावे यावर आम्ही अडलो आहोत.

पहिली अडचण गणिताची आहे. सपाट पृष्ठभागावर भेगांचे जाळे पसरले आहे आणि प्रत्येक सांध्यापाशी तीन भेगा मिळतात असे मानू. प्रत्येक भेगेला दोन टोके असल्यामुळे कडांची संख्या शिरोबिंदूंच्या दीडपट होते. इथे सांधे म्हणजे शिरोबिंदू आणि भेगा म्हणजे कडा. ती संख्या ऑयलरच्या सूत्रात (शिरोबिंदू − कडा + बहुभुज = 1, जाळ्याबाहेरचा भाग न मोजता) घातली, की जाळे पुरेसे मोठे असल्यास बहुभुजांची संख्या शिरोबिंदूंच्या निम्मी येते. आणि प्रत्येक शिरोबिंदू तीन बहुभुजांचा कोपरा असल्यामुळे दर बहुभुजामागे सरासरी सहा कोपरे पडतात. या मांडणीत लाव्हा कुठेच नाही, तापमानही नाही. मग सहा हा आकडा जर निव्वळ मोजणीतून निघत असेल, तर भौतिकशास्त्राला सांगण्यासारखे उरते तरी काय?

दुसरी अडचण प्रयोगाची आहे. कॉर्नफ्लोअर आणि पाणी यांचे घट्टसर मिश्रण वाळवले की त्यात लाव्ह्यासारखेच खांब तयार होतात, असे वाचनात आले होते. आम्ही काचेच्या भांड्यात ते दिव्याखाली वाळवले. वरच्या बाजूला भेगा पडल्या खऱ्या, परंतु तुकडे मोठे, बहुतेक चौकोनी, आणि एक भेग दुसरीला जवळजवळ काटकोनात येऊन थांबलेली, म्हणजे आटलेल्या तळ्याच्या चिखलात दिसते तशीच रचना मिळाली. षटकोन एकही नाही. मुंबईच्या पावसाळी दमट हवेमुळे असे झाले असावे का?

तिसरा प्रश्न टेकडीवरील मोजमापाचा. पायथ्यावरून खांबांची फक्त समोरची अंगे दिसतात, छेद दिसत नाही. अशा स्थितीत मुलांनी नेमके काय मोजावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : कातळप्रेमी

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या दुसऱ्या प्रश्नातच दडलेले आहे, म्हणून आधी कॉर्नफ्लोअरबद्दल लिहितो.

हे मिश्रण वाळताना भेगांच्या दोन पिढ्या तयार होतात. पहिल्या पिढीच्या भेगा लवकर पडतात, थराच्या तळापर्यंत जातात आणि त्यांच्यात काही सेंटीमीटरचे अंतर असते. आपण पाहिलेल्या भेगा त्याच. दुसऱ्या पिढीच्या भेगा पुष्कळ उशिरा, थर आतून वाळू लागल्यावर सुरू होतात. वाळण्याची सीमा (वाळलेला आणि ओला भाग जिथे मिळतात ती) जसजशी खाली सरकते तसतशा त्या तिच्यामागून खाली उतरतात आणि खांब त्यांच्यामुळे बनतात. हे खांब जेमतेम काही मिलिमीटर रुंद असतात आणि वरून पाहणाऱ्याला सहसा उमगत नाहीत. एखादा मोठा तुकडा पूर्ण वाळू द्या, अलगद बाहेर काढून उलटा करा आणि खालच्या अंगाने, बोटांनीच, मोडून पाहा. विजेरीचा उजेड तिरपा टाकलात की खांबांचे छेद स्पष्ट दिसतील.

आता ऑयलर. आपली मांडणी अचूक आहे, मात्र तिच्यात एक गृहीत आहे : सांध्यापाशी मिळणारे तिन्ही बहुभुज त्या बिंदूला आपला कोपरा मानतात. चिखलात तसे घडत नाही. तिथे एक भेग आधी पडते, दुसरी नंतर येऊन तिला काटकोनात अडते आणि टी आकाराचा सांधा तयार होतो. त्या बिंदूपाशी दोन तुकड्यांना कोपरा मिळतो. तिसऱ्या तुकड्याच्या दृष्टीने ती सरळ बाजूच असते. आपलीच आकडेमोड तीनऐवजी दोन कोपरे धरून करा, सरासरी चार येईल. म्हणजे कडांचा आणि शिरोबिंदूंचा हिशेब तोच राहूनही चिखलाला चार मिळतात आणि लाव्ह्याला सहाच्या जवळपास. टीचे सांधे वाय आकाराचे का व कसे होतात, हा प्रश्न ऑयलर सोडवत नाही. भौतिकशास्त्राचे काम तिथून सुरू होते.

त्याचे उत्तर थोडक्यात असे. लाव्ह्याचा थर पृष्ठभागाकडून थंड होत आत जातो. आकुंचन पावू पाहणारा दगड शेजारच्या दगडाला जखडलेला असल्यामुळे त्यात ताण साठतो आणि तो तडकतो. आइसलँडच्या बेसॉल्टवर (लाव्हा थिजून बनणाऱ्या काळ्या दगडावर) लिव्हरपूल विद्यापीठात झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे तडकणे 840 ते 890 अंश सेल्सिअसला होते असे आढळले. म्हणजे दगड घट्ट झालेला असतो, पण अजून अतिशय तप्त असतो. सुरुवातीच्या भेगा चिखलासारख्याच टीने मिळतात. पुढे मात्र भेग एका दमात खाली जात नाही, ती टप्प्याटप्प्याने उतरते. प्रत्येक टप्प्यावर तिन्ही भेगा जवळजवळ एकाच वेळी पुढे सरकतात, त्यामुळे आधी कोण आणि नंतर कोण हा भेद पुसट होत जातो, सांधा किंचित सरकतो आणि तीन कोन 120 अंशांकडे झुकतात. चिखलाचा थर पातळ असल्यामुळे त्याला इतका प्रवास करायला मिळत नाही.

तरीही सगळे खांब षटकोनी नसतात. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेवर सुमारे 40,000 खांब आहेत आणि त्यांत पाच व सात बाजूंचेही भरपूर आहेत. प्रदर्शनात 'सगळे षटकोनी' असे लिहू नये. 'सरासरी सहाच्या जवळ' असे लिहिणे योग्य ठरेल.

प्रतिसाद : मोजपट्टी

वरील विवेचनाशी सहमत आहे. प्रयोगाविषयी थोडी भर घालतो.

दमट हवेने वाळण्यास वेळ अधिक लागतो, पण त्याने खांब नाहीसे होत नाहीत; उलट सावकाश वाळलेल्या थरात ते रुंद होतात. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी बाष्पीभवनाचा वेग नियंत्रित करून हेच मोजले होते. सीमा सरकण्याचा वेग आणि खांबांची रुंदी यांचा गुणाकार घेऊन त्याला उष्णतेच्या (कॉर्नफ्लोअरमध्ये ओलाव्याच्या) विसरणाच्या, म्हणजे पदार्थात पसरत जाण्याच्या, गुणांकाने भागले, तर कॉर्नफ्लोअर आणि लाव्हा या दोहोंत जवळपास एकच संख्या मिळते. स्वयंपाकघरातील डब्यावरून टेकडीविषयी काही बोलण्याचा अधिकार आपल्याला या समानतेमुळे मिळतो, तेव्हा तक्त्यावर तिला ठळक जागा द्यावी.

मुलांनी दोन भांडी घ्यावीत. कॉर्नफ्लोअर आणि पाणी वजनाने समसमान घ्यावे (मक्याचे पिवळे पीठ चालणार नाही, पांढरे कॉर्नफ्लोअरच हवे), थर निदान तीन-चार सेंटीमीटर जाड ठेवावा आणि बुरशी येऊ नये म्हणून ब्लीचचे काही थेंब टाकावेत. एक भांडे दिव्याच्या जवळ आणि दुसरे लांब ठेवावे. अंतर मध्येच बदलू नये. वाळल्यावर दोन्हींतील खांबांची रुंदी एकाच खोलीवर मोजावी, कारण खाली जावे तसे वाळणे मंदावते आणि खांब रुंदावत जातात.

बाजू मोजताना छायाचित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेषा गिरवाव्यात. चौकटीने कापलेले बहुभुज मोजणीत घेऊ नयेत. त्यातही एक खोच आहे : मोठे बहुभुज चौकटीला लागण्याची शक्यता अधिक असते आणि मोठ्यांना बाजूही सहसा जास्त असतात, म्हणून त्यांना वगळल्यावर सरासरी सहापेक्षा जराशी कमी येते. परीक्षकांनी विचारलेच, तर मुलांकडे हे उत्तर तयार असावे.

टेकडीवर बाजू मोजण्याचा अट्टहास नको. पायथ्याला जिथे सुरक्षितपणे पोहोचता येईल तिथे खांबाच्या दर्शनी अंगाची रुंदी आणि लगतच्या दोन अंगांमधला कोन घ्यावा. त्यासाठी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या टाचणीने जोडून केलेले कोनमापक पुरते. तोच खांब वर-खाली एकसारखा रुंद आहे का, हेही पाहावे. अंगावर आडवे पट्टे दिसले, तर त्यांची उंची नोंदवावी, कारण भेगेच्या वाटचालीतील एकेक टप्पा त्या पट्ट्यांत उमटलेला असतो. हातोडी अजिबात नेऊ नये. छेदांची छायाचित्रे हवी असल्यास उडुपीजवळील सेंट मेरी बेटांची पाहावीत, तिथे खांबांचे माथे उघडे आहेत.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तुकडा उलटा करून मोडला आणि आतले खांब मुलांना दिसले. बहुतेक पाच आणि सहा बाजूंचे आहेत, एक चार बाजूंचाही आहे. दोन भांड्यांचा प्रयोग आज सुरू केला आहे.

आता शेवटची शंका. मुलांना शेजारी मधमाश्यांचे रिकामे पोळे मांडायचे आहे. ते ठेवावे का?

प्रतिसाद : कातळप्रेमी

ठेवावे, परंतु 'हेही त्याच कारणाने' असे लिहू नये. समान क्षेत्रफळाच्या खणांत पृष्ठभाग विभागताना एकूण परिमिती कमीत कमी हवी असेल, तर नियमित षटकोन सर्वोत्तम, हे थॉमस हेल्स यांनी 1999 साली सिद्ध केले. पोळ्याच्या संदर्भात मेणाच्या काटकसरीची चर्चा या प्रमेयाला धरून चालते. लाव्ह्याला खण समान ठेवण्याची कोणतीही अट नाही आणि त्याच्या बहुभुजांची क्षेत्रफळे सारखी नसतात. मुलांनी पोळ्याच्या छायाचित्रातील खणांची क्षेत्रफळेही ट्रेसिंग पेपरवर काढावीत आणि कॉर्नफ्लोअरच्या क्षेत्रफळांशेजारी आलेखात मांडावीत. पोळ्याच्या आलेखातले सगळे स्तंभ एकाच ठिकाणी गोळा होतील, कॉर्नफ्लोअरच्या आलेखात ते पसरतील. त्या आलेखासाठी तक्त्यावर मध्यभागी जागा राखून ठेवा.