गोळ्या चालू असताना सेल्फ-हेल्प पुस्तकं वाचावीत का?

रामबागकर: मावसभावाला डिप्रेशन आहे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, असर दिसायला चार-सहा आठवडे लागतील हेही सांगितलं. त्याआधीच यानं खजुरी बाजारातून कुठलंसं 'मन जिंका' छाप पुस्तक आणलं, वाचलं आणि गोळ्या बंद! मग चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखं. माझं मत स्पष्ट, ट्रीटमेंट संपेपर्यंत असली पुस्तकं घरात नकोत.

पोहे_जलेबी: भिया, दोष त्या पुस्तकाचा, सगळ्यांचा कशाला? ॲरन बेकनं 1960 च्या दशकात कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे मनात आलेला विचार पुराव्यानं तपासायची पद्धत, मांडली, त्यावरची चांगली पुस्तकं आहेत, इंग्लंडमध्ये तर 2013 पासून डॉक्टर अशी पुस्तकं सुचवतात आणि ती लायब्ररीत मिळतात. मी वहीत रकाने आखून लिहायचे: साहेबांनी नमस्कार घेतला नाही, मनात आलं नोकरी गेली, आता याला पुरावा काय? पुरावा कुठला, साहेब फोनवर होते.

रामबागकर: तुझं जमलं, छान. ह्याला पेपरातली हेडलाईन वाचवत नाही, रकाने कुठून भरणार?

राजवाड्याजवळ: आणि काउन्सेलरची फी? दर आठवड्याला परवडते कुणाला? पुस्तक एकदाच घ्यायचं. आमच्यासारख्यांना तेवढाच आधार आहे, तोही काढून घेणार का?

जुनी_इंदुरी: फी परवडत नाही हे खरंय, पण 14416 वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, 2022 पासून, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. माझी भीती वेगळी आहे. आमच्या नात्यात एकाला बायपोलर, म्हणजे मन कधी एकदम खाली तर कधी एकदम तेजीत, त्या तेजीच्या दिवसांत 'मोठी स्वप्नं बघा' वाचून सुपर कॉरिडॉरवर दोन प्लॉटचा बयाना देऊन आला! त्याला तेव्हा स्वप्नं नाही, झोप हवी होती.

पोहे_जलेबी: म्हणूनच म्हणते, पुस्तक डॉक्टरांना दाखवा ना. माझ्या काउन्सेलरनं दोन चॅप्टर पेन्सिलीनं काटले आणि एकच करायला दिला, पुढच्या वेळी वही तपासली. लपवून वाचलं की गोंधळ होतो, आणि बंदी घातली की लोक लपवूनच वाचतात.

रामबागकर: सोमवारी अपॉइंटमेंट आहे, नेतो पुस्तक. पण डॉक्टर नको म्हणाले तर मी ते रद्दीत देणार, तेव्हा वाद घालू नकोस.

पोहे_जलेबी: ते पुस्तक खुशाल दे. वही मात्र घेऊन दे त्याला.